एक्केचाळीस वेळा पाहिलेलं पान

४ मार्च

आजपासून माझ्या संगणकात एक मुलगी बसलीय! म्हणजे ती स्वतः नाही, तिचा प्रोग्राम. मी काय शोधतो, कशावर क्लिक करतो, कुठल्या पानावर किती वेळ घालवतो — सगळं पाच आठवडे टिपून ठेवणार. पेरिझात नाव तिचं. विद्यापीठात पीएचडी करतेय. विषय काय, तर शास्त्रज्ञ इंटरनेटवर माहिती कशी शोधतात! मी म्हटलं, "पोरी, आम्ही बर्फ मोजतो, आणि तू आम्हाला मोजणार?" तर म्हणे, "हो आगाय. ऐकलंय की तुम्हीही दर वर्षी थोडे कमी होताय." अख्ख्या विभागानं दात काढले. 'आगाय' म्हणते, म्हणजे सर, आदरानं, पण आहे चुणचुणीत. सही करून टाकली.

म्हणून ही वही काढली. जुन्या मोहिमेतली, अर्धी कोरी. हिच्यात काय लिहितो ते तरी कोणी मोजणार नाही.

फॉर्मही भरून दिला. पहिला प्रश्न — आपण शोधाची सुरुवात कशी करता? मी लिहिलं, 'पद्धतशीरपणे. मान्यताप्राप्त सूचींमधून, आधी निश्चित केलेल्या शब्दांनी.' वाचताना फार बरं वाटलं.

५ मार्च

आजचा पहिला शोध: 'कीबोर्डवर आयरान सांडल्यास काय करावे'. ताकच ते, पण बटणांत शिरलं.

एंटर दाबल्यावर आठवलं की ती टिपतेय. गेली अब्रू!

दुसरा शोध: माझंच नाव. हे सगळेच करतात. न करणारा शास्त्रज्ञ मला दाखवा. रात्रीतून माझा पेपर कोणी वापरला का ते बघायचं असतं. नव्हता वापरला.

६ मार्च

आता कामाचं. कोक-मुझ हिमनदीची मापं आपल्याकडे १९८४ पासूनची आहेत. मधली पाच वर्षं, ९० ते ९४, नाहीत. मंत्रालयाला आता सलग मापं असलेल्याच हिमनद्या यादीत हव्यात. १५ एप्रिलपर्यंत भोक बुजवलं नाही तर कोक-मुझ यादीबाहेर. यादीबाहेर म्हणजे या उन्हाळ्यापासून घोडे नाहीत, माणसं नाहीत, काही नाही.

एरवी आमचं शास्त्र ते केवढं! बर्फात काठी रोवायची, उन्हाळा सरला की किती काठी उघडी पडली ते मोजायचं. कोणी पोरानं करावं असं काम. पण मी ते चाळीस वर्षं केलंय, आणि येत्या ऑक्टोबरात मी घरी बसणार. माझ्यामागं तिथं काठी रोवायला कोणी जाणारच नाही, ह्या विचारानं रात्री उठून बसतो. लिहून टाकलं. आता बरं वाटतंय.

मापं आहेत कुठं? ते मला चांगलं ठाऊक आहे. दवलतशोकडे, दुशान्बेत. तेव्हा आम्ही दोघं एकाच तंबूत होतो. मधेच देश वेगळे झाले, शेवटी तो त्याच्या घरी गेला, त्या पाच वर्षांच्या वह्या नीट उतरवून काढतो म्हणून घेऊन गेला.

त्याच्याकडे मागायची? त्यापेक्षा मी हिमनदीच्या भेगेत उडी मारीन. इंटरनेटवर मिळेल. हल्ली सगळं मिळतं.

८ मार्च

बायकांचा दिवस. बायकोला, अनारकानला, ट्युलिपची फुलं आणि केक दिला. तिनं आधी केकवरची तारीख बघितली. जन्मभर औषधाच्या दुकानात काढल्यावर आणखी काय होणार.

एक जुडी आमच्या ग्रंथपाल ल्युदमिला अर्कादियेव्नांसाठी ग्रंथालयात नेली. एकट्याच बसलेल्या, शाल पांघरून, एवढ्या कपाटांमध्ये. म्हणाल्या, "असानकुल सादिकोविच, फुलं घेऊन येता, प्रश्न घेऊन कधी येत नाही." मी म्हटलं, अहो, आता सगळं आम्हीच शोधतो, तुम्हाला कशाला त्रास! त्यांनी चहा दिला.

१२ मार्च

शोधतोय. आधी रशियनमध्ये, मग इंग्रजीत. 'कोक-मुझ' टाकलं, तर त्या नावाचं पाहुणेघर निघालं, नाश्त्यासकट. 'कोक-मुझ हिमनदी' — माझे पेपर, आणि एका फ्रेंच माणसाचे सुट्टीतले फोटो. 'कोक-मुझ काठ्या १९९१' — शून्य. एक शब्द काढायचा, दुसरा घालायचा, पुन्हा शून्य. बेचाळीस टॅब उघडे आहेत. एकही बंद करवत नाही. न जाणो, त्यातच असेल.

दुसऱ्या पानावर मात्र जात नाही. का ते माहीत नाही. तिथं काही चांगलं असेल असं वाटतच नाही.

१५ मार्च

आज त्या पानावर गेलो. दिवस वाईट गेला की जातो.

इतकं लिहिलंय तर हेही लिहितो. २००४ साली मी पेपरांच्या ऑनलाइन सूचीत काहीतरी शोधत होतो, आणि समोर आलं — कोक-मुझ, १९९० ते ९४, परदेशी नियतकालिकात, लेखक: दवलतशो. एकटा! आमची हिमनदी, आमच्या काठ्या, बर्फ वितळवून केलेला आमचा चहा, आणि नाव एकट्याचं. खाली चार ओळींचा सारांश, त्यात नुसत्या सरासऱ्या. संपूर्ण पेपर वाचायचा तर पैसे भरा म्हणे. माझीच मापं वाचायला मी पैसे भरू? उठलो आणि बाहेर जाऊन तीन सिगारेटी ओढल्या. सोडल्या होत्या तरी.

त्याला एक शब्द लिहिला नाही. त्यानंही नाही. लिहील कशाला? मनात काळंबेरं असलेला माणूस गप्पच राहतो.

आणि हाच माणूस, ८९ साली मी भेगेत लटकलो होतो तेव्हा दोरी धरून तीन तास बसला होता. सबंध वेळ माझ्या सासऱ्यांवर विनोद सांगत होता, मी झोपू नये म्हणून. त्या विनोदांनी बर्फ हलत होता. अशा माणसानं असं करावं! पंधरा मिनिटं त्या पानाकडे बघत बसलो. नाव अजून एकट्याचंच आहे.

१९ मार्च

सापडलं!! एका परिषदेच्या अहवालात, कोक-मुझबद्दल, अगदी मला हवं तसं: 'नव्वदच्या दशकाच्या आरंभीची मापं उपलब्ध नसली तरी ती दोन शेजारच्या हिमनद्यांवरून अंदाजता येतील.' वा! काय नेमकं लिहिलंय, काय समज आहे माणसाची! लेखक कोण म्हणून वर गेलो.

मी. २००९.

लिहिल्याचं आठवतही नाही. अंदाज मंत्रालयाला चालत नाहीत, तेव्हा उपयोगही नाही. पण लिहिलंय छान.

२१ मार्च

नूरूझ, आमचं नवं वर्ष. अनारकाननं शेजारणींबरोबर रात्रभर सुमोलोक ढवळलं, गव्हाच्या त्या घट्ट गोड लापशीत खडे टाकले, आणि माझ्या वाटीत नेमका खडा आला. म्हणे मनातली इच्छा पुरी होते. "दात मोडला नाही हीच पुरी झाली," मी म्हटलं. दुपारी स्वयंपाकघरात फोनवर कोणाशी तरी अर्धा तास खिदळत होती. कोण ग, विचारलं. "तुला काय करायचंय, म्हाताऱ्या? जा, तुझे टॅब मोज."

२७ मार्च

सात जणांना मेल केल्या. मॉस्कोच्या तीन परत आल्या, त्या नावाचं तिथं कोणी नाही म्हणे. एकानं उत्तरात स्वतःचा पेपर पाठवला, विषयाशी काडीचा संबंध नसलेला, वर प्रेमळ सूचना की जमल्यास याचा दाखला द्यावा. नॉर्वेच्या बाईंनी मात्र नीट लिहिलं: 'त्या वर्षांची मापं दुशान्बेतल्या दवलतशोंकडे असावीत. त्यांना विचारलंत का?'

नाही विचारलं, बाई!

२ एप्रिल

आज डोक्याची पार भजी झाली. परवा एका पेपरात सापडलं — कोक-मुझची मापं, पाहा: आमच्याच संस्थेची पत्रिका, १९९६, पान १७. उडालोच. मग दिसलं, दुसऱ्या पेपरातही तेच, तिसऱ्यातही. आठ पेपर, आठही पान १७ कडे बोट दाखवतात. म्हणजे नक्कीच असणार! दोन दिवस खपलो, ती पत्रिका कोणीतरी चढवून ठेवलेली मिळाली, पान १७ उघडलं.

मेंढ्यांच्या चाऱ्यावर लेख होता. शेवटपर्यंत मेंढ्याच.

पहिल्यानं चूक केली असेल, चला. बाकीच्या सातांनी एकमेकांचं बघून उतरवलं! एकानंही पत्रिका उघडली नाही! विद्यार्थ्यांना बोलावून तास घेतला. टेबलावर मूठ आपटली. "जे उघडून वाचलं नाही त्यावर तोंड उघडायचं नाही! सूचीतलं नाव म्हणजे पेपर नव्हे! सारांश म्हणजे पेपर नव्हे!" फार चांगलं बोललो. दोघांनी लिहून घेतलं.

८ एप्रिल

पेरिझातची शेवटची मुलाखत. छापील कागद घेऊन आली, माझे पाच आठवडे. मी समोसा-चहा मागवला, खुशीत होतो. तिनं आयरानचं काढलं, हसलो. रोज सकाळी स्वतःचं नाव — हसलो. "आगाय, तुम्ही फॉर्मवर 'पद्धतशीर' लिहिलंय," म्हणाली, "संस्थेतल्या अकराही जणांनी तेच लिहिलंय. शब्दही तेच." पुन्हा हसलो.

मग तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "हे एक मला कळलं नाही. ह्या एका पानावर तुम्ही एक्केचाळीस वेळा गेलात. पाच आठवड्यांत. दुसऱ्या कुठल्याच पानावर इतके नाही. पण पेपर एकदाही उघडला नाहीत. मागवला नाहीत. लेखकाला मेल नाही. का?"

"कारण त्यात काय आहे ते मला माहीत आहे."

"कसं?"

चांगलाच भडकलो. म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे! तुझा विषय शोध आहे ना, मग माझ्या खासगी गोष्टींत नाक खुपसू नकोस! ती घाबरली नाही. कागद गोळा केले, उरलेला समोसा रुमालात गुंडाळला, आणि दारातून म्हणाली, "बरं आगाय. मी लिहिते — कारण: माहीत आहे."

९ एप्रिल

झोप नाही. अनारकान म्हणाली, "कूस बदलायची असेल तर एकदाच काय ती बदल."

'कसं?' — एवढासा शब्द. पण उत्तर काय? सूचीतलं नाव. चार ओळींचा सारांश. वीस वर्षं! आणि मंगळवारी मीच टेबल बडवत होतो. त्या सातांत आणि माझ्यात फरक काय? त्यांच्या निदान मेंढ्या निघाल्या.

सकाळी ग्रंथालयात गेलो. फुलं नव्हती. चिठ्ठीवर पेपरचं नाव लिहून ल्युदमिला अर्कादियेव्नांच्या पुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "दोन दिवस लागतील. परदेशातल्या ग्रंथालयांशी आपली देवाणघेवाण आहे."

"पैसे?"

"कसले पैसे?"

"ही सोय कधीपासून आहे?"

"एकोणीसशे अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या. "सूचनाफलकावर लावलंय. अजून आहे."

बाहेर येऊन बघितलं. आहे. मोठ्या अक्षरात. त्याच्याच खाली उभा राहून मी रोज कोट काढतो.

११ एप्रिल

आला. त्यांनी छापून, टाचून, पाकिटात घालून दिला, लग्नाच्या पत्रिकेसारखा. दार लावून घेतलं आणि उघडला.

पहिल्या पानावर नावं आहेत. दोन. आधी माझं, मग त्याचं.

आधी माझं!

पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. मग सूचीतलं ते पान उघडलं (बेचाळीस) — तिथं एकटा दवलतशो. आता कळलं: त्या जुन्या सूचीनं ज्यानं पेपर पाठवला त्याचंच नाव घेतलंय, दुसऱ्याला गाळलंय. म्हणून तर रोज सकाळी स्वतःला शोधूनही ह्या पेपरात मी मला कधी सापडलो नाही. एक ओळ गळली, आणि मी तिच्यावर वीस वर्षांचा राग रचला! मजले चढवले! वर कौलं घातली!

आणि शेवटची चार पानं — तक्ते. ९० ते ९४. वर्षवार, काठीवार, सगळी मापं. जगभर ज्याच्यासाठी हात पसरले ते ह्याच्या पोटात होतं, आणि मी एक्केचाळीस वेळा दारात येऊन परत गेलो. तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप: 'काठी क्र. ७ तिरकी रोवली गेली होती. दुरुस्ती केली आहे.' सात नंबर मी रोवली होती. कोणी रोवली ते त्यानं लिहिलं नाही.

रडलो. कोणी बघत नव्हतं, आणि आता कोणी टिपतही नाही.

१२ एप्रिल

अहवाल गेला. चाळीस वर्षं, सलग, एकही भोक नाही. मंत्रालयातल्या मुलानं फोन करून म्हटलं, "आगाय, कोक-मुझ राहिली यादीत. पण ही मापं मिळाली कुठं?" मी म्हटलं, छापील होती. वाचायची राहून गेली होती. विभागात सगळ्यांना मांती खिलवल्या. मांसाचं सारण भरलेल्या, वाफाळत्या, वर कांदा. कशाबद्दल ते नीट सांगितलं नाही.

पेरिझातला बोलावून माफी मागितली. खरं कारणही सांगितलं, सूचीतल्या नावापासून तक्त्यापर्यंत. तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आगाय, हे मी प्रबंधात घेऊ? नाव नाही घालणार." मी म्हटलं, घे ग, नावही घाल. आणि एकाच माणसाचं नाही, दोघांचं घाल.

१३ एप्रिल

दवलतशोला लिहायला बसलो. चार मसुदे केले. पाचवा पाठवला, तो परत आला. संस्थेतला त्याचा पत्ता बंद. निवृत्त झाला असणार. मग त्याचा फोन नंबर शोधू लागलो. नाव टाकलं, शहर टाकलं, आडनाव उलटसुलट केलं, दुशान्बेच्या जुन्या याद्या, परिषदांच्या याद्या. तीन तास. टॅब तीसवर गेले.

अनारकान मागं येऊन उभी राहिली. "कोणाचा नंबर हवाय?"

सांगितलं.

तिनं कपाळावर हात मारला आणि खिशातून फोन काढला. "गुलचेहराचा आहे माझ्याकडे. त्याच्या बायकोचा. दर नूरूझला बोलतो आम्ही."

"गेली वीस वर्षं?"

"तू भांडलास म्हणून आम्हीही भांडायचं? काखेत कळसा आणि गावाला वळसा! असला कसला रे शोधणारा तू?" मग फोन पुढे करत, "तो काही बोलत नाही तुझ्याबद्दल, म्हणते. पण हवामानाच्या बातम्यांत तुमचा डोंगर आला की आवाज मोठा करतो."

नंबर कागदावर उतरवून घेतला. आज धीर नाही झाला.

१४ एप्रिल

लावला. तिसऱ्या घंटेला उचलला. मी म्हटलं, दवलत, मी असानकुल, तुझा पेपर आत्ता परवा वाचला रे — पहिल्यांदाच. तिकडे त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाला, "छापल्या दिवशीच तुझी प्रत पोस्टानं पाठवली होती. उत्तर आलं नाही. मला वाटलं, तू वाचलास, आणि तुला आवडला नाही."